तापाचा रकाना

मराठवाड्यातल्या कोणत्याही दैनिकाचे निधनवार्तांचे पान काढा, तीन शब्दप्रयोग हमखास सापडतात: ‘अल्पशा आजाराने’, ‘दीर्घ आजाराने’ आणि ‘वृद्धापकाळाने’. माणूस नेमका कशाने गेला हे यांपैकी एकातूनही कळत नाही, पण त्यांत खोटेही काही नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात अशा उत्तरांसाठी एक अख्खे प्रकरण राखून ठेवलेले आहे. १९९० साली संमत झालेल्या दहाव्या आवृत्तीतले ते अठरावे प्रकरण. त्यातले संकेतांक ‘आर’ या अक्षराने सुरू होतात. कारण न कळलेला ताप आर ५०.९, वार्धक्य आर ५४, आणि काहीच सांगता येत नसेल तर आर ९९. आकडेवारीच्या अभ्यासकांना हे प्रकरण फारसे आवडत नाही. त्यांच्या दृष्टीने ती अडगळीची खोली असते आणि ती जितकी रिकामी तितका देश प्रगत. माझे म्हणणे वेगळे आहे. गेल्या दीडशे वर्षांचा पुरावा पाहिला तर असे दिसते की, जिथे लक्षण नीट टिपले आणि कारण ठाऊक नसल्याचे मान्य केले, तिथे ते कारण पुढच्या माणसाला शोधता आले. जिथे अंदाजाने एखादे भारदस्त नाव लिहून टाकले, तिथे मागाहून शोधायला काही उरलेच नाही.

हे पडताळून पाहायला उदगीर तालुका चांगला आहे, कारण तिथे नोंद ठेवणारी सगळी व्यवस्था वारंवार बदलली. १९४८पर्यंत निजामाचे हैदराबाद संस्थान, १९५६पर्यंत हैदराबाद राज्यातला बिदर जिल्हा, भाषावार रचनेनंतर द्विभाषिक मुंबई राज्यात उस्मानाबाद जिल्हा, १९६० साली महाराष्ट्र आणि १९८२पासून लातूर जिल्हा. दप्तराची भाषा उर्दूची मराठी झाली, पाटील-पटवाऱ्यांच्या जागी तलाठी आणि ग्रामसेवक आले. इतक्या फेरबदलांत रोगांची पुस्तकी नावेही बदलत गेली. शंभर वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांचा ‘रेमिटंट फीवर’ म्हणजे आजचा नेमका कोणता आजार, हे आज कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण ‘जांघेत गाठ आली, ताप चढला, तिसऱ्या दिवशी गेला’ एवढे वाक्य कोणत्याही काळातल्या आणि कोणत्याही भाषेतल्या दप्तरात असो, वाचणाऱ्याला प्लेग ओळखू येतो. निदान त्या त्या काळाच्या समजुतीला बांधलेले असते, लक्षणाचे तसे नसते. जुनी दप्तरे वाचणाऱ्याला म्हणूनच लक्षणाचा आधार अधिक वाटतो.

इंग्रजी मुलखात गावोगावच्या मृत्यूंची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. खबर द्यायची गावच्या पाटलाने किंवा चौकीदाराने, वैद्यकाचा गंधही नसलेल्या माणसाने. त्याच्यासाठी रकाने मोजकेच ठेवले होते: पटकी, देवी, पुढे प्लेग, हगवण, छातीचे विकार, अपघात आणि इजा, ताप, आणि बाकी सगळे. पटकी, देवी आणि प्लेग यांची खूण अंगावर दिसते, म्हणून ते रकाने बऱ्यापैकी विश्वसनीय राहिले. उरलेले जवळजवळ सगळे ‘ताप’ या रकान्यात गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी हिंदुस्थानात नोंदलेल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक एकट्या तापाच्या नावावर आहेत. हिवताप, विषमज्वर, क्षय, न्यूमोनिया, बाळंतज्वर हे सगळे त्यात मिसळले. ही केवळ वसाहतीची आबाळ होती असे मानण्याचे कारण नाही. लंडनमध्ये विल्यम फार यांनी १८३९पासून मृत्यूच्या कारणांची शास्त्रशुद्ध मांडणी करायला घेतली, पॅरिसच्या झाक बर्टिलाँ यांनी १८९३ साली पहिली आंतरराष्ट्रीय यादी दिली, आणि त्या यादीच्या शेवटीही अस्पष्ट कारणांचा गट होताच. आजचे ‘आर’ प्रकरण हा त्याच गटाचा वंशज. वर्गीकरण करणाऱ्या थोर माणसांनी सुरुवातीपासूनच हे ओळखले होते की, न कळलेल्याला जागा दिली नाही तर ते कळलेल्यात घुसते.

निजामी मुलखात मृत्यूंची नोंद याहूनही विस्कळीत होती. १९१८च्या साथीत हे उघड झाले. त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात इन्फ्लुएन्झा मुंबईहून दख्खनभर पसरला. इंग्रजी प्रांतांत कोणत्याही पाटलाला ‘इन्फ्लुएन्झा’ हा शब्द ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, त्याने नेहमीप्रमाणे ताप लिहिला. पण तापाचा रकाना महिनेवार मोजला जात होता, त्यामुळे त्या तीन-चार महिन्यांत तो किती फुगला हे पाहून सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांना साथीच्या बळींचा पहिला अंदाज बांधता आला, आणि नंतरच्या संशोधकांना तो दुरुस्त करून एक कोटीच्या वर नेता आला. हैदराबाद संस्थानात असा भरवशाचा रकानाच नव्हता. तिथले नुकसान कळले ते १९२१च्या शिरगणतीत: १९११ साली सुमारे १ कोटी ३४ लाख असलेली लोकसंख्या १ कोटी २५ लाखांवर आली होती. एका दशकात नऊ लाख माणसे कमी. त्यांतली किती इन्फ्लुएन्झाने गेली, किती दुष्काळाने, किती प्लेगने, हे बिदर जिल्ह्याच्या किंवा उदगीर तालुक्याच्या बाबतीत आता कोणीही वेगळे काढू शकत नाही. ‘ताप’ या ओबडधोबड शब्दाने साथ लपवली, असा आरोप नेहमी होतो. या दोन मुलखांची तुलना केली तर दिसते की जिथे तो शब्द इमानाने मोजला गेला तिथेच साथ पुढे सापडली.

लोकांकडे शब्दांची कमतरता होती असेही नाही, आणि याची खंत वाटते. थंडी वाजून येणारा हिवताप, दिवसाआड येणारा, चौथ्या दिवशी उलटणारा चौथरा, ठरलेल्या मुदतीनेच उतरणारा मुदतीचा ताप, गाठीचा ताप, नुसती कणकण, संध्याकाळची कसर: मराठी घरातली म्हातारी माणसे तापाचे इतके प्रकार सहज वेगळे काढीत. यातला प्रत्येक शब्द म्हणजे निरीक्षण आहे, त्यात वेळ आहे, क्रम आहे, सोबतची खूण आहे. मुदतीच्या तापात टायफॉइड आणि दिवसाआड येणाऱ्या थंडीत मलेरिया आजचा डॉक्टरही पाहील. गावातून दप्तरात जाताना हे सगळे गळून एकच रकाना उरला. आपल्या वैद्यकपरंपरेत अनिश्चिततेची लाज बाळगायला सांगितलेले नाही हेही इथे नोंदवले पाहिजे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या अठराव्या अध्यायाचे म्हणणे असे की, विकाराचे नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने संकोचू नये, कारण प्रत्येक विकाराला ठरीव नाव असतेच असे नाही. वाग्भटानेही तोच विचार पुढे चालवला. मात्र तिथे सूट मिळते ती फक्त नावापुरती. दोष, स्थान आणि कारण यांचा शोध घेण्यातून वैद्याची सुटका नाही. मी ज्याची बाजू घेतो आहे ते हेच: नाव राहू द्या, निरीक्षण सोडू नका.

तापाच्या ढिगातल्या एका मोठ्या रोगाचा माग लागला तो निजामाच्याच राज्यात. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेजवळ बेगमपेठ इथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी दिसले. पण गावातल्या तापाच्या रकान्यापर्यंत ती विद्या पोहोचायला आणखी साठ वर्षे लागली. १९५३ साली मलेरिया नियंत्रणाचा आणि १९५८ साली निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, आणि खेड्यापाड्यांत मलेरिया कर्मचारी दारोदार फिरू लागला. तो विचारी, घरात कोणाला ताप आहे का? असेल तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब, क्लोरोक्विनच्या चार गोळ्या, आणि घराच्या भिंतीवर छापलेल्या चौकटीत तारीख व सही. या पद्धतीत ताप हा ताप म्हणूनच नोंदला जाई आणि काचपट्टीचा निकाल पुढे त्याला जोडला जाई, म्हणून चढउतार स्पष्ट दिसले: देशातले रुग्ण १९६१ साली पन्नास हजारांच्या आसपास उतरले आणि १९७६ साली ६४ लाखांवर गेले. तिचा दोषही तिथेच होता. अनेक दशके प्रत्येक ताप हा निकाल येईपर्यंत मलेरियाच समजायचा, असे धोरण असल्यामुळे काचपट्टीत काही न सापडलेल्या तापांचे पुढे काय झाले याची विचारपूस कोणी केली नाही. लक्षण मोजले, पण नकारार्थी निकालाला वारस राहिला नाही.

त्या बेवारस तापांचीही कोणी दखल घेतली तर काय होते, याचे उत्तर विदर्भातल्या एका खेड्यात मिळते. १९६५ साली नागपूरजवळ चांदीपुरा इथे डेंग्यू आणि चिकुनगुन्याची साथ असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, दोन तापकऱ्यांच्या रक्तातून एक अनोळखी विषाणू वेगळा केला. साथीच्या नावाखाली हे दोन रुग्ण सहज खपून गेले असते, कोणाला शंकाही आली नसती. विषाणूला गावाचे नाव मिळाले, तो प्रयोगशाळेत जपला गेला, आणि जवळजवळ चार दशके तो फारसा महत्त्वाचा मानला गेला नाही. २००३ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, त्यातही आजच्या तेलंगणातल्या जिल्ह्यांत, आणि महाराष्ट्रातही, मुले ताप, झटके आणि बेशुद्धी येऊन दोन दिवसांत दगावू लागली. एकट्या आंध्रात ३२९ मुलांना हा आजार झाला आणि त्यांतली १८३ गेली. अपराधी चांदीपुरा असल्याचे तेव्हा ओळखता आले, कारण १९६५ साली कोणीतरी ‘डेंग्यूच असेल’ म्हणून वही मिटली नव्हती.

याहून भक्कम पुरावा पोलिओचा आहे. १९९७पासून भारताने पोलिओ शोधण्यासाठी पोलिओ मोजलाच नाही. मोजले ते लक्षण: पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की कारण काहीही असो, कळवायचे आणि विष्ठेचे दोन नमुने पाठवायचे. जिल्ह्याचे काम चोख चालले आहे की नाही हे ठरवले जाई ते पोलिओ नसलेले किती लुळेपण त्याने शोधले यावरून. ज्या जिल्ह्यात असे एकही मूल आढळत नसे त्याची पाठ कोणी थोपटत नसे, उलट तिथल्या डॉक्टरांना जाब विचारला जाई. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. कारण अस्पष्ट असलेले लक्षण हेच मोजणीचे एकक धरून स्वतंत्र भारताने आपली सर्वांत मोठी आरोग्यमोहीम जिंकली. अडगळीची खोली म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण विचारात घ्यावे.

मृत्यूच्या बाबतीत अशीच वाट मुळात भारतानेच पाडली होती. १९६०च्या दशकाच्या मध्यास महानिबंधकांच्या कार्यालयाने निवडक प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या गावांत एक पाहणी सुरू केली. डॉक्टर नसलेला आरोग्य कर्मचारी मृताच्या घरी जाऊन विचारपूस करी आणि ताप, खोकला, पोटाचे विकार, बाळंतपण, वार्धक्य अशा लक्षणांच्याच गटांत मृत्यू बसवी. पुढे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी बालमृत्यूंसाठी या पद्धतीला धार लावली. घरच्यांच्या सांगण्यावरून कारण कसे ठरवावे याचे निकष त्यांनी १९९२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेतून मांडले. मग आला दहा लाख मृत्यूंचा अभ्यास. त्यात कर्मचारी ठरलेले प्रश्न विचारून शिवाय अर्ध्या पानाची हकिकत स्थानिक भाषेत लिहून आणी, म्हणजे महाराष्ट्रात मराठीत, आणि दोन डॉक्टर ती एकमेकांना न विचारता स्वतंत्रपणे वाचून संकेतांक देत. या अभ्यासातून २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आकडा आला की भारतात सत्तरीच्या आत मलेरियाने वर्षाला सुमारे २ लाख ५ हजार माणसे मरतात. जागतिक आरोग्य संघटनेचा तेव्हाचा अंदाज होता १५ हजार. संघटनेने हरकत घेतली की घरच्यांच्या बोलण्यावरून मलेरिया आणि इतर ताप वेगळे करता येत नाहीत. ही हरकत खरोखरच वजनदार आहे, आणि मला वाटते दोन्ही बाजूंची ओढाताण झाली ती या तापांवर एकच नाव लावण्याच्या आग्रहापायी. तरीही वाद घालता आला हेच मोठे. मराठी, ओडिया, हिंदी हकिकती कागदावर होत्या, त्या पुन्हा वाचता येत होत्या. फक्त ‘मलेरिया’ किंवा फक्त ‘मलेरिया नाही’ एवढेच लिहिलेले असते तर वादाला जागाच नसती, आणि सत्यालाही.

यावर डॉक्टरांकडून आणि सांख्यिकीकारांकडून येणारा आक्षेप असा: अस्पष्टतेला इतकी प्रतिष्ठा दिली तर निदानाचे कष्ट घेणार कोण? सगळेच आर ५०.९ लिहून मोकळे होतील आणि सरकारला औषध कशाचे घ्यायचे हे कळणार नाही. धोका खरा आहे. पण आजच्या दाखल्यांकडे पाहा. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्यानुसार रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४ आणि बाहेरच्या मृत्यूसाठी नमुना ४अ भरायचा असतो. त्यात सर्वांत वर तात्कालिक कारण, त्याखाली ते ज्यामुळे उद्भवले ते, आणि सर्वांत खाली मूळ कारण, प्रत्येकासमोर किती काळ हेही. या नमुन्यावर वर्षानुवर्षे लिहिले जाते: हृदयक्रिया व श्वसन बंद पडले. हे मरणाचे वर्णन झाले, ते तर प्रत्येकाचेच असते, आणि मरणाची रीत कारण म्हणून लिहू नये असे सूचनांत स्पष्ट छापलेले असते. तरी ते खपते, कारण ते वैद्यकीय भाषेत असते. ‘नऊ दिवस ताप, पुरळ, शेवटी बेशुद्धी, कारण अनिश्चित’ असे लिहिणारा डॉक्टर अडाणी ठरतो. आळस वाढेल ही भीती असेल तर तो आधीच भारदस्त नावांच्या आडोशाला बसलेला आहे. लक्षण लिहायचे म्हटले की काळ, क्रम आणि सोबतच्या खुणा लिहाव्या लागतात. ते निदान ठोकून देण्याहून कष्टाचे काम आहे. प्रगत देशांतही वार्धक्य लिहिले जाते. २०२२ साली राणी एलिझाबेथ यांच्या मृत्यूच्या नोंदीत कारण म्हणून तेवढेच होते. शहाण्णव वर्षांच्या बाईंबाबत डॉक्टरांनी उगाच एखाद्या अवयवाचे नाव घेतले नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो, कारण तो गरिबांच्या बाजूने येतो. नावावर पैसा अवलंबून असतो. विमा, शासकीय योजना, नुकसानभरपाई सगळे निदान मागतात, आणि ‘कारण अनिश्चित’ लिहिलेला कागद घेऊन विधवेने कोणाच्या दारात उभे राहायचे? मराठवाड्याला हे नव्याने सांगायला नको. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर एक लाखाची मदत मिळायची तर चौकशीत प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते, आणि अपात्र ठरलेल्या घरातले दुःख तितकेच खरे असते. कारणाला पैसा जोडला की कारणावर ताण येतो, दोन्ही बाजूंनी. यावर उपाय डॉक्टरला नाव लिहायला भाग पाडणे हा नाही, नियम अनिश्चितता झेपेल असा करणे हा आहे. करोनाने ते शक्य असल्याचे दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेने सुरुवातीलाच दोन संकेतांक दिले होते: यू ०७.१ म्हणजे चाचणीने सिद्ध, यू ०७.२ म्हणजे लक्षणांवरून ओळखलेला, विषाणू न सापडलेला. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने ठरवले की, चाचणी किंवा निदान झाल्यापासून तीस दिवसांत झालेला मृत्यू, रुग्णालयाबाहेर झाला असला तरी, करोनाचा मानावा. पन्नास हजारांची मदत त्या नियमावर दिली गेली. निश्चित आणि संशयित यांतला फरक कागदावर जपला आणि कुटुंबांची वाटही मोकळी केली.

आज हैदराबाद आणि पुण्यातल्या कचेऱ्यांत बसून हजारो तरुण अमेरिकेतल्या रुग्णांचे कागद संकेतांकांत बसवतात. ‘मेडिकल कोडिंग’ हा त्या शहरांतला आता रुळलेला व्यवसाय आहे. त्यांना शिकवला जाणारा एक कडक नियम असा की, बाह्यरुग्णाच्या कागदावर डॉक्टरने ‘बहुधा’, ‘संशयित’, ‘शक्यता’ असे लिहिले असेल तर त्या रोगाचा संकेतांक लावायचा नाही. जे लक्षण खात्रीने आहे त्याचाच लावायचा. छातीत दुखणे हे छातीत दुखणेच राहते, हृदयविकार सिद्ध होईपर्यंत. अमेरिकेतल्या अनोळखी माणसाच्या तापाला मिळणारी ही काटेकोर वागणूक आपल्या मुलखातल्या मृताच्या तापाला का मिळू नये?

ती देण्याची सोय आपल्याकडे अर्धी तयार आहे. २००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पाने तीन वेगळे नमुने आणले. उपकेंद्रावरची परिचारिका ‘एस’ भरते, त्यात फक्त लक्षणे: सात दिवसांहून कमी ताप, पुरळासह, रक्तस्रावासह, गुंगीसह, सात दिवसांहून जास्त ताप, तीन आठवड्यांहून अधिक खोकला, कावीळ, लुळेपणा. डॉक्टर ‘पी’ भरतो, त्यात संशयित निदान. प्रयोगशाळा ‘एल’ भरते, त्यात सिद्ध झालेले. तिघे जेवढे जाणतात तेवढेच लिहितात आणि कोणाची नोंद दुसऱ्याची नोंद पुसत नाही. आता हे संगणकावर गेले आहे, पण ही तीन पायऱ्यांची रचना मला गेल्या शतकभरातल्या सर्व नोंदपद्धतींत सर्वांत प्रामाणिक वाटते. ती जिवंत रुग्णांपुरतीच आहे. मृत्यूच्या कारणाला डॉक्टरचा दाखला असण्याचे प्रमाण २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी शंभरात बावीस-तेवीस एवढेच होते. १९६९च्या कायद्यात झालेल्या आणि १ ऑक्टोबर २०२३पासून लागू असलेल्या दुरुस्तीने प्रत्येक रुग्णालयावर हा दाखला बंधनकारक केला, पण वाड्या-तांड्यांवर घरीच गेलेला माणूस तिच्या कक्षेत नीट येत नाही. त्याच्यासाठी गावचा निबंधक नमुना २ भरून घेतो. विसाव्या शतकाच्या अखेरच्या नियमांबरोबर आलेल्या या नमुन्यात मृत व्यक्ती किती वर्षे धूम्रपान करीत होती, किती वर्षे तंबाखू खात होती, किती वर्षे सुपारी, किती वर्षे दारू, हे चार स्वतंत्र प्रश्न आहेत. आजाराचे नाव किंवा मृत्यूचे प्रत्यक्ष कारण यासाठी एकच ओळ आहे. त्या ओळीखाली ‘एस’ नमुन्यातले प्रश्न आणि प्रत्येकासमोर ‘किती दिवस’ एवढा रकाना छापावा. हे प्रश्न विचारण्याची सवय उदगीर तालुक्यातल्या प्रत्येक उपकेंद्रावरच्या परिचारिकेला आहेच.